कोणतं चांदूर?

आमच्या मावसबहिणीचे लग्न चांदूरला होते. पत्रिकेवर पत्ता छापला होता, ‘मु. पो. चांदूर, जि. अमरावती’. आम्हा जवळच्या लोकांना तेवढा पत्ता पुरेसा होता, कारण मुलीचे घर कुठे आहे हे आम्हाला तोंडपाठ होते. पुण्याहून येणाऱ्या आमच्या एका काकांना मात्र ते ठाऊक नव्हते. त्यांनी रेल्वेचे वेळापत्रक पाहिले, त्यात चांदूर सापडले, आणि पहाटे त्या स्टेशनवर उतरून ते गावभर मांडव शोधत हिंडले. अखेर एका चहावाल्याने पत्रिका हातात घेऊन वाचली आणि विचारले, “कोनतं चांदूर पाह्यजे होतं तुमाले? रेल्वे का बाजार?”

काका उतरले होते चांदूर रेल्वेला. लग्न होते चांदूर बाजारला. एक गाव अमरावतीच्या आग्नेयेला, मुंबई-हावडा लोहमार्गावर. दुसरे उत्तरेला, अचलपूरच्या बाजूला. जिल्हा एक, नाव एक, दिशा मात्र अगदी विरुद्ध. काका अमरावतीला परत आले, एसटी बदलून चांदूर बाजारला पोचले, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. जिलबी तेवढी मिळाली.

या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. पुढे मी संगणकाच्या व्यवसायात पडलो आणि अमरावतीत बसून लोकांची संकेतस्थळे बांधू लागलो. एके दिवशी माझ्या संगणकाने काम करता करता मध्येच थांबून मला तोच प्रश्न विचारला. त्याच्या भाषेत मजकूर असा होता: ‘या नावाचे दोन आहेत, तुम्हाला नेमके कोणते म्हणायचे आहे?’ मला तो चहावाला आठवला. पुस्तके वाचून जे धड कळले नव्हते, ते त्या क्षणी कळले.

आज त्याच विषयावर लिहायचे आहे. विषय संगणकवाल्यांचा आहे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. आपला सातबारा, मुलांचा निकाल, बँकेतली शिल्लक आणि कापसाचा चुकारा या साऱ्यांमागे आज कोणीतरी लिहिलेल्या आज्ञावली आहेत. त्या आज्ञावलींत नावे कशी ठेवली आणि तयार माल कुठे रचला, यावर कधीकधी एखाद्या कास्तकाराच्या पदरात दोन पैसे जास्त पडतात की कमी, हेही ठरते. तसे घडताना मी पाहिले आहे.

गावांची आडनावे

नावांचा घोळ वऱ्हाडाला नवा नाही आणि त्यावरचा तोडगाही नवा नाही. अंजनगाव दोन, म्हणून एक अंजनगाव सुर्जी आणि दुसरे अंजनगाव बारी. नांदगाव दोन, म्हणून एक नांदगाव खंडेश्वर आणि दुसरे नांदगाव पेठ. धामणगाव रेल्वे वेगळे, धामणगाव गढी वेगळे आणि बुलडाणा जिल्ह्यातले धामणगाव बढे आणखी वेगळे. वाशिमकडचे कारंजा लाड आणि वर्धेकडचे कारंजा घाडगे. शिवाय महाराष्ट्रभर पसरलेले बुद्रुक आणि खुर्द आहेतच. म्हणजे आपल्या पूर्वजांनी गावाला नाव दिले आणि नाव पुरेना तेव्हा त्याला आडनावही दिले. चांदूरला ‘रेल्वे’ हे आडनाव चिकटले ते आगगाडीमुळे. १८६७ साली मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, आणि एक चांदूर रुळांवर आले.

माणसांचेही तेच. शेगाव जवळ असल्यामुळे आमच्याकडे गर्दीत उभे राहून “गजानन” अशी हाक मारली तर चार जण वळून पाहतात. म्हणून बापाचे नाव लावायचे, मग आडनाव, मग गाव. तरीही घोळ होतोच.

टपाल खात्याने हा प्रश्न आकड्यांनी सोडवला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्यामागचे डोके एका मराठी माणसाचे होते. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढायला सहा आकडे. चांदूर बाजारचा पिन ४४४७०४ आणि चांदूर रेल्वेचा ४४४९०४. फरक एका आकड्याचा. पत्रिकेवर तो आकडा असता तर आमच्या काकांच्या अक्षता चुकल्या नसत्या.

यातली पद्धत लक्षात घ्यावी. नाव बदललेले नाही. चांदूर हे चांदूरच राहिले, फक्त ते कोणाच्या हद्दीतले हे नावाला जोडून सांगितले. संगणकाच्या जगात हद्द सांगण्याच्या या व्यवस्थेला ‘नेमस्पेस’ म्हणतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने त्याला ‘नामविश्व’ असा सुरेख शब्द वापरला आहे. तिथे ‘अकोला’ हा लेख असतो आणि त्याच नावाचा ‘वर्ग:अकोला’ही असू शकतो. दोघे भांडत नाहीत, कारण दोघांची विश्वे वेगळी.

एका नावाचे दोन वारस

आता माझी गोष्ट. २००६ सालची. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगवाल्या व्यापाऱ्याला आपल्या खरेदी केंद्रांसाठी संकेतस्थळ हवे होते. केंद्रावर कापसाची गाडी आली की वजन आणि भाव त्यात नोंदवायचा, कास्तकाराला काटापट्टी द्यायची आणि पुढे चुकारा किती व कधी झाला हेही त्यातच दिसायचे. काम मोठे होते, म्हणून आम्ही दोघांनी वाटून घेतले. अकोल्याचा माझा एक मित्र वजन आणि भाव यांचा भाग लिहिणार. मी अमरावतीत बसून चुकाऱ्याचा भाग आणि पडद्यावर दिसणारी पाने लिहिणार. साधन होते मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट. ते २००२ साली बाजारात आले होते आणि २००५ च्या अखेरीस त्याची दुसरी आवृत्ती आली होती.

अशा आज्ञावलीत ‘क्लास’ नावाची गाठोडी असतात. एका कामाची माहिती आणि ते काम करण्याच्या रीती एकत्र बांधलेले गाठोडे. प्रत्येक गाठोड्याला नाव द्यावे लागते. मित्राने वजनाच्या हिशेबाला नाव दिले ‘बिल’. मी चुकाऱ्याच्या हिशेबाला नाव दिले ‘बिल’. आपापल्या घरी दोघांचेही काम सुरळीत चालले. दोन्ही भाग एकत्र आणले त्या दिवशी संगणकाने विचारले, कोणते बिल?

(आम्ही नावे इंग्रजीत ठेवत होतो, वाचकांच्या सोयीसाठी इथे मराठीत सांगतो.)

हा प्रश्न जगभरच्या प्रोग्रामरांना छळून झालेला आहे. जुन्या काळी लोक नावाच्या पुढे दोन-तीन अक्षरांचे शेपूट किंवा शेंडी लावून वेळ मारून नेत. मग नव्वदच्या दशकात सी प्लस प्लस या भाषेत नेमस्पेस आली. जावाने ‘पॅकेज’ नावाने तीच सोय केली आणि वर एक शिस्तही घातली, की आपल्या संस्थेचा इंटरनेटवरचा पत्ता उलटा लिहून नावाच्या आधी लावा, म्हणजे जगात दुसऱ्या कोणाचे तेच नाव असणार नाही. पीएचपी या भाषेला ही सोय मिळायला २००९ साल उजाडले. डॉटनेटमध्ये ती पहिल्यापासूनच होती. आम्हीच आळस केला होता.

तोडगा सोपा होता. मित्राचे झाले ‘अकोला.बिल’ आणि माझे ‘अमरावती.बिल’. मधला तो टिंब म्हणजे आपला ‘जिल्हा’ किंवा ‘तालुका’ हा शब्द समजावा. फरक इतकाच, की आपण पत्ता लिहिताना आधी माणूस, मग गाव, मग जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. संगणक मोठ्याकडून लहानाकडे येतो.

इथे नवशिक्यांची हमखास एक चूक होते, आणि ती मीही केली आहे. आज्ञावलीच्या डोक्यावर ‘मी अकोल्याची नावे वापरणार आहे’ अशी एक ओळ लिहायची असते. ती लिहिली की अकोल्याचा माल आपल्या घरी आला, असे वाटते. तसे नसते. त्या ओळीने फक्त एवढेच होते, की दर वेळी ‘अकोला.बिल’ असे पूर्ण नाव न लिहिता नुसते ‘बिल’ लिहिले तरी चालते. पाकिटावर पत्ता लिहिला म्हणून गाव जवळ येत नाही. माल आणायचा तर तो वेगळा आणावा लागतो, आणि तो ठेवायची जागाही वेगळी असते.

रेचा, सरकी आणि गाठ

ती जागा समजण्यासाठी जिनिंगमध्येच जावे लागेल. कास्तकार आणतो तो कापूस, म्हणजे सरकीसकट. रेच्यावर तो गेला की सरकी वेगळी आणि रुई वेगळी होते. एका क्विंटल कापसातून ढोबळमानाने चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. मग ती रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. भारतीय गाठ १७० किलोची धरतात. गिरणीला गाठ हवी असते. सरकीसकट कापूस तिच्या काही कामाचा नाही.

प्रोग्रामर लिहितो ती आज्ञावली म्हणजे कापूस. ती माणसाला वाचता येते. तिच्यात जागोजागी टिपा लिहिलेल्या असतात, की हे असे का केले, इथे सांभाळा, ही ओळ काढू नका. ‘कंपायलर’ नावाचा रेचा ती पिंजतो, यंत्राला नको ते बाजूला काढतो आणि उरलेल्याची दाबून गाठ बांधतो. या गाठीला डॉटनेटच्या जगात ‘डीएलएल’ म्हणतात. सर्व्हर नावाच्या गिरणीत जाते ती ही गाठ. आणि सर्व्हरवर गाठी रचून ठेवायचे जे गोदाम असते, त्या फोल्डरचे नाव ‘बिन’.

हा शब्द ‘बायनरी’चा तुकडा आहे, आणि युनिक्सच्या जमान्यापासून चालत आलेला आहे. पण त्याचा इंग्रजीत दुसराही अर्थ होतो, आणि १९९५ पासून विंडोजच्या पडद्यावर कचऱ्याच्या टोपलीला तेच नाव आहे. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने जागा मोकळी करण्याच्या उत्साहात सर्व्हरवरचे बिन हे फोल्डर कचरा समजून रिकामे केले होते. संकेतस्थळ त्याच क्षणी बंद. मराठीत तर ‘बिन’ म्हणजे ‘वाचून’. त्या दिवशी आमचे संकेतस्थळ अक्षरशः बिनगाठीचे, बिनकामाचे झाले!

या गोदामाचे काही नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, ते संकेतस्थळाच्या मुळाशीच असावे लागते, आतल्या कुठल्या तरी फोल्डरात ठेवले तर सर्व्हर तिकडे ढुंकून पाहत नाही. दोन, बाहेरच्या माणसाला त्यातली गाठ उचलून नेता येत नाही. सर्व्हर ते दार बंद ठेवतो. तीन, सर्व्हर मूळ गाठीला हात न लावता तिची नक्कल करून वापरतो, त्यामुळे दुकान बंद न करता जुनी गाठ काढून नवी ठेवता येते. त्याआधीच्या पद्धतीत गाठ अडकून बसायची आणि सर्व्हर थांबवल्याशिवाय सुटायची नाही. आता नवी गाठ दिसली की सर्व्हर आपण होऊन क्षणभर दम घेतो आणि नव्या मालावर सुरू होतो.

२००५ च्या आवृत्तीने आणखी एक सोय दिली. ‘ॲप कोड’ नावाचे फोल्डर करून त्यात कापूसच नेऊन टाकावा. पहिले गिऱ्हाईक आले की सर्व्हर स्वतः रेचा फिरवून गाठ बांधतो. सोयीचे आहे, पण कापूस उघड्यावर राहतो आणि चूक असली तर ती गिऱ्हाइकासमोर कळते. आम्ही गाठीचीच पद्धत ठेवली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की नामविश्व आणि गाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका गाठीत दोन गावांचा कापूस असू शकतो, आणि एका गावाचा कापूस दोन गाठींत जाऊ शकतो. जावात नावाची उतरंड आणि फोल्डरांची उतरंड जुळवावी लागते. तिथे गाव आणि रस्ता एकच. डॉटनेटमध्ये तसे बंधन नाही. नाव सांगते हे कोण. गाठ सांगते हे कुठे. ही गल्लत करणारा माणूस माझ्या काकांसारखा भलत्या स्टेशनवर उतरतो.

पत्ता नवा, माल जुना

दोन हंगाम बरे गेले. मग व्यापाऱ्याने खामगावला केंद्र उघडले. खामगावच्या गाडीचे वजन ‘अकोला.बिल’मध्ये होऊ लागले, तेव्हा आमची चूक आम्हाला कळली. आम्ही नाव जागेवरून दिले होते, कामावरून नाही. म्हणून २००८ च्या नोव्हेंबरात नावे बदलायचे ठरवले. मित्राचा भाग ‘तोलाई’, माझा भाग ‘चुकारा’. मित्राने आपल्या भागात बदल करून मला ई-मेलने नवी गाठ पाठवली. तो नेहमी गाठच पाठवी. कापूस त्याने कधी पाठवला नाही आणि मीही कधी मागितला नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्या काळी आमच्याकडे भारनियमन भयंकर होते. रात्री मी सर्व्हरवर आधी पाने चढवली. पाने नव्या नावाने हाक मारणारी. आता बिनमध्ये नव्या गाठी ठेवायच्या, तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर आधीच मान टाकून बसला होता. पहाटे उठून करू, म्हणून झोपलो आणि जाग आली ती फोनने. अकोल्याहून दिवाणजी बोलत होते.

“भाऊ, तुमचं मशीन काहून रुसलं? अठी कास्तकारायच्या गाड्या लागल्या हायेत लायनीत.”

पडद्यावर पांढऱ्या पानावर लाल अक्षरे आणि खाली पिवळी चौकट. मजकूर एवढाच, की ‘तोलाई.बिल’ या नावाचे काही सापडले नाही. सापडणार कसे? पान नव्या नावाने हाक मारत होते आणि गोदामात पडलेल्या गाठीवर छाप होता जुन्या नावाचा. सर्व्हरच्या लेखी ‘अकोला.बिल’ आणि ‘तोलाई.बिल’ ही दोन वेगळी माणसे. आतला माल तोच असला तरी त्याचे त्याला काय!

घरी वीज नव्हती. मी पेनड्राइव्ह खिशात टाकून राजकमल चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत धावलो, दोन गाठी बिनमध्ये ठेवल्या आणि मिनिटाभरात संकेतस्थळ उठून बसले. पण तोवर दोन तास गेले होते. तेवढ्या वेळात दिवाणजींनी वहीत हाताने काट्या लिहिल्या आणि एकही गाडी परत जाऊ दिली नाही. संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, “असू द्या भाऊ. वहीले लाइन लागत नाई.”

तेव्हापासून एक नियम पाळतो. नाव बदलायचे तर हाक मारणारा आणि हाकेला ओ देणारा, दोघांना एकाच वेळी सांगायचे. नाव म्हणजे दिलेला शब्द असतो. आपल्या भरवशावर किती जण तो वापरत आहेत हे आपल्याला कळतही नाही.

‘चेक-२’

खरी परीक्षा पुढे झाली. २०१४ साली सर्व्हर जुना झाला आणि सगळे नव्याने लिहायचे ठरले. मित्र तोवर नोकरीसाठी हैदराबादला गेला होता. त्याच्या भागाचा कापूस, म्हणजे मूळ आज्ञावली, मागितली तेव्हा कळले, की ती ज्या हार्ड डिस्कवर होती ती केव्हाच बिघडून भंगारात गेली होती. दुसरी प्रत नव्हती. उरली होती फक्त सर्व्हरवरच्या बिनमधली त्याची ती गाठ.

गाठ उलगडता येते. ‘डीकंपायलर’ नावाची साधने असतात, ती गाठ पिंजून पुन्हा वाचण्याजोगी आज्ञावली करून देतात. पण सरकी परत मिळत नाही. मित्राने लिहिलेल्या टिपा गेलेल्या असतात. हिशेबात तात्पुरत्या वापरलेल्या आकड्यांची नावे गेलेली असतात. एक गोष्ट मात्र टिकते. नामविश्व, क्लास आणि त्यातल्या रीती यांची नावे डॉटनेटच्या गाठीत जशीच्या तशी राहतात, कारण त्याच नावांनी हाक मारायची असते. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीवर प्रेसचा छाप आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले होते. त्या छापावरून गाठ कोणत्या प्रेसमध्ये बांधली ते कळते. कोणाच्या शेतातली, कोणी वेचलेली, हे कळत नाही. आमच्या गाठीचेही तसेच होते.

ती उलगडून वाचत असताना मला एक विचित्र रीत सापडली. तिचे नाव ‘चेक-२’. तीत लिहिले होते: गावाचा क्रमांक १७, २३ किंवा ४१ असेल तर आजचा भाव आणि कालचा भाव ताडून पाहा, जो जास्त असेल तो द्या. बाकी सर्व गावांना आजचा भाव. ‘का’ ते कुठेच नाही. मित्राला फोन केला. त्यालाही आठवेना. आठ वर्षे झाली होती.

मला वाटले, ही चाचणीच्या वेळची राहून गेलेली ओळ असावी. किंवा त्याहून वाईट, कोणीतरी आपल्या माणसांसाठी केलेली लबाडी. तीनच गावांना जास्त भाव का? मी ती रीत नव्या आज्ञावलीत घ्यायची नाही असे ठरवलेही. केवळ खात्री करावी म्हणून अकोल्याला गेलो आणि दिवाणजींना ते तीन क्रमांक दाखवले. ते आता निवृत्तीला आले होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद पाहिला आणि हसले.

“हे तिन्ही गावं खारपानपट्ट्यातले, भाऊ. काळी जमीन. दिवाळीच्या वक्ती पानी आलं का रस्ता चिखलानं बंद. गाडी सकाळी घरून निंगाली का इथी दुसऱ्या दिवशी पोचे. आन तेवढ्यात भाव पडला का कास्तकार मेला. शेठजीनं त्यायले जबान देल्ली होती. ज्या दिवशी गाडी घरून निंगन, त्या दिवसाचा भाव. आल्या दिवसाचा जास्त असन, तं तो.”

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. जमिनीखालचे पाणी खारट, वरची माती चिकट. तिथल्या माणसांना दिलेला एक शब्द माझ्या मित्राने प्रामाणिकपणे आज्ञावलीत उतरवला होता. शेजारी टीपही लिहिली असेल. टीप सरकीबरोबर गेली. नाव राहिले, आणि ते नाव मुके होते. ‘चेक-२’ या नावाने मला काहीच सांगितले नाही. त्याऐवजी त्याने ‘निघाल्या दिवसाचा भाव’ असे नाव ठेवले असते, तर आठ वर्षांनी बंद गाठीतूनही ते बोलले असते. आणि मी अकोल्याला गेलो नसतो तर पुढच्या दिवाळीत पाऊस पडल्यावर तीन गावांच्या काटापट्टीवर कमी आकडे छापले गेले असते, आणि चूक कोणाची हे कोणालाही कळले नसते. संगणकात आहे म्हणजे बरोबरच असणार!

नव्या आज्ञावलीत मी ती रीत घेतली, बोलक्या नावाने घेतली. वर चार ओळींची टीप लिहिली आणि दिवाणजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, “आता तुमचं मशीन वहीवानी झालं.”

आज साधने बदलली आहेत. डॉटनेट बदलले, जावास्क्रिप्टवाल्यांच्या गोदामाला ‘डिस्ट’ किंवा ‘बिल्ड’ म्हणतात, आणि मूळ आज्ञावलीच्या साऱ्या आवृत्त्या सांभाळणारी ‘गिट’सारखी साधने फुकट मिळतात. त्यांत सांभाळायचा असतो तो कापूस. बिनमधल्या गाठी सांभाळायच्या नसतात, कारण कापूस हाताशी असेल तर गाठ केव्हाही बांधता येते. उलट मात्र होत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. दुसऱ्याकडून काम घ्याल तेव्हा गाठीबरोबर कापूस मागून घ्या. आणि नाव ठेवाल ते असे ठेवा, की टिपा गेल्या, माणूस परगावी गेला, तरी नुसत्या नावावरून तुमच्या मागून येणाऱ्याला कळावे, की हे कोण आणि कशासाठी.

नवीन मुले यावर मान डोलावतात आणि तासाभराने एखाद्या रीतीला ‘चेक-१’ असे नाव देतात. मग मी त्यांना विचारतो, “कोणतं चांदूर?”